माझ्या गालातलं बाळ

दोन्या चोलेने, म्हणजे मीच, तमाल चुकवायला बाळ गालात लपवलं, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. साफ खोटं आहे. बाळ गालात होतं, एवढं खरं. लपवलं मात्र कुणी नव्हतं. या दोन गोष्टींत फरक असतो, आणि तो ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. अशी माणसं पुएब्ला शहरात पुष्कळ असतील, पण त्यांची पुढारी आमच्या समोरच्या दारात राहते. तिचं नाव दोन्या मेचे; आमच्याकडे मोठ्या बायकांना मानाने दोन्या म्हणतात. वाचता तिलाही येतं, तेव्हा तिने हे वाचावंच.

मी तिसरीपर्यंत शिकले. पुढे शिकवण्यासारखं शाळेकडे काही उरलं नव्हतं, असं माझी आई म्हणायची. यातलं शुद्धलेखन आमच्या आम्पारोने, म्हणजे माझ्या मुलीने, नीट केलं आहे. मजकुराला हात लावायची तिला परवानगी नाही.

तर ऑक्टोबरात मला लकव्याने गाठलं. डावा हात, डावा पाय आणि डावा गाल, तिघांनी एका सकाळी मिळून संप पुकारला. त्याचं रडगाणं मी गाणार नाही. पण जिभेनेही संपाला पाठिंबा दिला, हे मात्र मला लागलं. माझ्या जिभेने! याच जिभेने मी दोन नणंदा, एक पाद्री आणि पाण्याचा टँकरवाला सरळ केला होता. आता ‘मीठ दे’ म्हणायला गेले तरी शब्द ओल्या गोधडीसारखे बाहेर यायचे. गल्लीतली माणसं बघायला येत, उशाशी बसत आणि चक्क खूश होऊन जात. इतक्या वर्षांत आमच्या घरी त्यांना पहिल्यांदाच आपलं वाक्य पुरं करायला मिळत होतं.

नवऱ्याचं नाव फिदेन्सिओ. जन्मभर बस चालवली, इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले. म्हणजे गेले असं तो म्हणतो. ‘जेवायला ये’ त्याला परसातून ऐकू येतं आणि ‘छत गळतंय’ शेजारी बसून ऐकू येत नाही. मी पडल्यावर त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि रोज घेवडा करपवू लागला. आम्पारो मॉन्टेरेहून धावत आली. तिचं ऑफिस तिच्या कॉम्प्युटरमध्येच असतं. ती ते जेवणाच्या टेबलावर उघडून बसे आणि माझ्या प्रत्येक खोकल्याला मान वर करी.

आणि इत्सेल. सरकारी दवाखान्यातली, व्यायाम करून घेणारी पोरगी. सदा हसरी. हसऱ्या माणसांपासून जपून राहावं, ती ऐकत नाहीत. तिने मला लहान पोरांची रंगीत माती मळायला दिली. मी ती खिडकीतून मेचेच्या मांजराला मारली. नेम चुकला, कारण उजव्या हाताने मारली होती आणि मी मूळची डावखुरी. मग तिने मला ओट्याला धरून उभं केलं.

“आता वजन डाव्या पायावर. मग एक पाऊल बाजूला. पुन्हा इकडे. नाचल्यासारखं करायचं, दोन्या चोले.”

“पोरी,” मी म्हणाले, “मी जत्रेतलं अस्वल नाही.”

शब्द असे आले नव्हते, पण अर्थ पोचला. तो व्यायाम तिथेच राहिला. चार पायांची काठी घेऊन सरळ चालायला माझी ना नव्हती. सरळ तर मी जन्मभर चाललेच आहे. पण बाजूला डोलायचं, तेही माझ्याच ओट्यासमोर, आणि समोरच्या खिडकीत मेचे? नाव काढू नका.

तिचा दुसरा नियम आणखी लाजिरवाणा होता. डाव्या गालाला काही कळत नाही, घास तिथेच अडकून राहतो, तेव्हा जेवण झालं की बोट घालून गाल साफ करायचा. आजवर ज्यांनी ज्यांनी माझ्या टेबलावर बोटाने दात कोरले त्यांना मी उठवून लावलं होतं. मी मान हलवली आणि चारचौघांत असलं काही करायचं नाही असं मनाशी ठरवलं. हे लक्षात ठेवा, कारण इथूनच सगळं सुरू झालं.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आम्ही घरोघर गोल पाव कापतो. वर साखरेत घोळलेली फळं, आत प्लॅस्टिकचं इवलंसं बाळ, म्हणजे बाळ येशू. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल, म्हणजे कणसाच्या पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खाऊ घालायचे. म्हणून तर पाव कापताना माणसाचा खरा स्वभाव दिसतो. सुरी आत जाते, बाळाचं डोकं लागतं, आणि भले भले लोक सुरी हळूच बाजूला सरकवतात. काही जण बाळ सापडलं की रुमालात गुंडाळतात. एका वर्षी एका बाईने सरळ गिळलं होतं. नाव सांगत नाही. समोर राहते.

त्या दिवशी आमच्याकडे मेचे होतीच. पाव संपला, चॉकलेटचे पेले रिकामे झाले, आणि बाळ काही निघालं नाही.

“बेकरीवाला विसरला असेल,” आम्पारो म्हणाली.

“आमचा बेकरीवाला बाळ विसरत नाही,” मेचे माझ्याकडे बघून म्हणाली. “माणसंच लपवतात.”

आता मला सांगा, हे ऐकून कोण गप्प बसेल? मी टेबलाला धरून उभी राहिले. डोक्यात भाषण तयार होतं, त्यात मेचेचं पूर्वीचं गिळणं होतं, तिच्या आईचा चिकटपणा होता, आणि शेवटी ‘ज्याने बाळ लपवलं त्याच्या तोंडाला कीड पडो’ असा शाप होता. बाहेर मात्र ‘ब्ला, ब्लो, ब्लूब’ एवढंच आलं, आणि डाव्या कोपऱ्यातून चॉकलेटची लाळ.

“दुसरा झटका!” आम्पारो किंचाळली.

पुढे काय विचारता! मेचेने दृष्ट काढायला कच्चं अंडं आणून माझ्या अंगावरून फिरवलं. कुणी नाकाशी औषधी पाला धरला. फिदेन्सिओ टॅक्सी आणायला धावला आणि घाईत त्याने माझ्याऐवजी माझी काठी आत बसवून दार लावलं. मी हातवारे करून सांगत होते की मला काही झालेलं नाही, तर मेचे सगळ्यांना सांगत होती, “बघा, हातसुद्धा वेडेवाकडे उडायला लागले.”

तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरने मला हसायला सांगितलं. मी हसले नाही; हसण्यासारखं काय होतं? मग तो म्हणाला, “तोंड उघडा, सेन्योरा.” त्याने बॅटरी मारली, आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून दिव्याखाली धरलं. गुलाबी, हात जोडलेलं, पावाचा चुरा लागलेलं.

“अभिनंदन, सेन्योरा,” तो म्हणाला. “मुलगा झाला.”

सबंध विभाग हसला. स्ट्रेचरवरचा एक पाय मोडलेला माणूससुद्धा हसला, आणि मग दुखलं म्हणून ओरडला. मी मात्र अशी काही मान ताठ करून बसले की त्या पोराने बाळ धुऊन, कापसात गुंडाळून अदबीने माझ्या हातात दिलं. मेचे दारातच उभी होती. ती आत आली नाही. वळली आणि गल्लीकडे निघाली. जाड बाई आहे, पण त्या दिवशी ती आमच्या टॅक्सीच्या आधी घरी पोचली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्पारो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. ती हसली नव्हती.

“आई, आता पुरे. तुम्ही दोघं माझ्याबरोबर मॉन्टेरेला चला. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. तुझ्या गालात काय आहे ते तुला कळत नाही. उद्या खरंच काही झालं आणि घरात फक्त बाबा असले तर? त्यांना हाक तरी ऐकू येईल का?”

फिदेन्सिओ शेजारीच बसला होता. त्याने भिंतीवरच्या गर्भवतींच्या आहाराच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली.

मॉन्टेरे मी पाहिलं आहे. तिथे खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. शेजारी कोण राहतं ते कुणाला माहीत नाही. म्हणजे भांडायचं झालं तर आधी ओळख करून घ्यावी लागते. माझ्या घरात मी ओट्यासमोर उभी राहिले की मी दोन्या चोले असते. तिच्याकडे मी कोपऱ्यातली खुर्ची झाले असते, आणि खुर्चीला रोज कुणीतरी ‘गोळ्या घेतल्यास का?’ विचारलं असतं.

बाळ आता तोंडात नव्हतं. मी एकेक शब्द वेचून म्हणाले, “बाळ... मला... निघालं. तमाल... मी करणार. गल्लीला. माझ्या... हाताने.”

“आई, तुझा डावा हात चमचा धरत नाही.”

“धरेल. नाही धरला... तर येते मॉन्टेरेला.”

आम्पारो माझीच मुलगी. सौदा दिसला की तिचे डोळे बारीक होतात. “सगळं तू करायचंस. आम्ही पाणी भरू, पातेली उचलू. मळणं, भरणं, गुंडाळणं तुझं.”

“बरं.”

“आणि इत्सेल सांगेल ते सगळे व्यायाम.”

“बरं,” मी म्हणाले. त्यातला ‘सगळे’ मी जरा पुसटच ऐकला. नवऱ्याचा गुण लागला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारी गल्ली सल्ला द्यायला हजर. मेचे म्हणाली, हातावर गरम चरबी चोळा. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, मधमाश्यांकडून चावून घ्या, त्याच्या मेव्हण्याचा हात असाच सुटला होता. (तो मेव्हणा मला ठाऊक आहे. हात सुटला, आणि त्या हाताने त्याने बायकोचं शिवणयंत्र विकलं.) कुणी म्हणालं, तमाल बाहेरून मागवा, पानं तेवढी बदला, कोण विचारतंय? ते बोलणाऱ्याला मी दार दाखवलं. शेजाऱ्यांचा स्वभाव असा की आपण पडलो तर उचलायला सगळे येतात, पण कसं उचलायचं यावर आधी आपल्या अंगावर उभं राहून वाद घालतात.

सल्ल्यांतून सुटले तर सरकारात अडकले. इत्सेलच्या व्यायामाची मुदत संपत आली होती. ती वाढवायला वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून शिक्का आणायचा असतो. लिफ्ट बंद. फिदेन्सिओ वर जाऊन आला आणि म्हणाला, “पेशंटने स्वतः यायला हवं म्हणतात.”

“पेशंटला जिना चढता येत नाही, म्हणून तर व्यायाम हवाय!” आम्पारो ओरडली.

“तेच सांगितलं. ते म्हणाले, येत नाही हे त्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं.”

मी काठी आम्पारोच्या हातात दिली, उजव्या हाताने कठडा धरला आणि चढले. इत्सेल मागून “डावा आधी टेकवा, आता उजवा” असं कुजबुजत होती आणि मी प्रत्येक पायरीवर त्या खिडकीतल्या माणसाच्या एकेका पूर्वजाचा उद्धार करत होते. वर पोचले तेव्हा मी घामाने निथळत होते. त्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं.

“तुम्ही जिना चढून आलात?”

“हो.”

“मग तुम्हाला व्यायामाची गरज नाही, सेन्योरा.” आणि त्याने कागद परत सरकवला.

त्यानंतर मी काय बोलले ते आम्पारोने इथे लिहू दिलेलं नाही. शुद्धलेखन चुकेल म्हणाली. पण बोलले ते सलग बोलले, मध्ये कुठेही न अडखळता, शब्द न्‌ शब्द सुटा आणि स्वच्छ. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाने शिक्का मारला, आणि घाईत स्वतःच्या बाहीवरही मारला. इत्सेल जिन्यावर बसून डोळे पुसत होती.

“काय झालं, पोरी?”

“दोन्या चोले, तुम्ही पूर्ण वाक्य बोललात.”

“वाक्य? ते तर नुसतं नमस्कारापुरतं होतं.”

त्या दिवसापासून इत्सेलनेही हट्ट सोडला. रंगीत माती गेली, मक्याचं पीठ आलं. तमालचं पीठ म्हणजे खेळ नाही. चरबी आधी फेटायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत, मग त्यात पीठ, मग रस्सा, आणि पुन्हा फेटायचं. त्यातली गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली की तरंगली पाहिजे. बुडाली तर पुन्हा फेटा. इत्सेलने माझा डावा हात उचलून परातीत ठेवला, मेलेल्या कोंबडीसारखा. मी त्यावर उजवा ठेवला आणि दोघांना मिळून ढकललं. गोळी बुडाली. दुसऱ्या दिवशीही बुडाली. फिदेन्सिओ मुकाट्याने रोज ते बुडालेलं पीठ भाजून भाकऱ्या करून खात होता, आणि त्याचं वजन वाढत चाललं होतं.

मग कणसाची पानं. पान डाव्या तळहातावर धरायचं, उजव्या हाताने चमच्याने पीठ पसरायचं, मध्ये लाल मोलेतलं, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्शातलं, मांस, मिटायचं, शेपूट दुमडायची. माझं पान धरलेला हात आपोआप कलंडायचा आणि मोले फिदेन्सिओच्या बुटात पडायचं. “दुसरीकडे बस ना, म्हाताऱ्या,” मी म्हणायची. “इथूनच बरं दिसतं, म्हातारे,” तो म्हणायचा आणि बूट पुसायचा. जानेवारी सरत आला तेव्हा बुटात पडायचं थांबलं होतं. बोटं अजून सुजल्यासारखी, आळशी, पण सांगितलेलं ऐकायला लागली होती. आणि एका दुपारी पेल्यातली गोळी तरंगली. मी कुणाला हाक मारली नाही. पेला तसाच आम्पारोच्या कॉम्प्युटरशेजारी नेऊन ठेवला. ती कुणाशी तरी बोलत होती. तिने पेल्याकडे पाहिलं, समोरच्याला म्हणाली “एक मिनिट”, आणि बोटाने गोळी खाली दाबून पाहिली. ती पुन्हा वर आली.

तेवढा ओट्यासमोर डोलायचा व्यायाम मात्र मी केला नाही. इत्सेल विचारायची, मी खिडकीकडे बोट दाखवायची. खिडकीत मेचे असायचीच.

दोन फेब्रुवारीची सकाळ उजाडली. आमच्याकडचं सर्वांत मोठं पातेलं गॅसवर चढलं. तळाशी पाणी आणि पाण्यात एक नाणं. पाणी उकळतं तोवर नाणं तळाशी खुळखुळत राहतं. गप्प झालं की समजायचं, पाणी संपलं, ओता. ते ऐकायला मी कुणाला बसवावं? फिदेन्सिओला. सगळे हसले. पण तो ओट्यावर तळवा टेकून बसला. इंजिनाची धडधड तो कानाने थोडीच ओळखायचा? हातानेच.

पातेल्याच्या दोन्ही कानांना मी पानांच्या पट्ट्या बांधल्या, नजर लागू नये म्हणून, आणि सगळ्यांना बजावलं, “आज या घरात भांडण नाही. रागाच्या घरात तमाल शिजत नाहीत. ज्याला भांडायचंय त्याने रस्त्यावर जावं.”

“मग तुम्ही कुठे उभ्या राहणार?” मेचेने विचारलं. ती मदतीला आली होती, म्हणजे खुर्ची घेऊन बसली होती. मी फक्त हसले. पाहा, किती सांभाळून घेत होते मी.

सगळे तमाल मी गुंडाळले होते. एकेक. काही जाडे, काही तिरके, काही पोटातून फुटल्यासारखे, पण माझे. पातेल्यात उभे रचले, झाकण लावलं. अंगणात लोक जमायला लागले. आणि मी आत परसदाराशी उभी राहून पुढच्या दारातून त्यांच्याकडे बघत होते, तेव्हा आम्पारो एकदम ओरडली.

“आई! हात!”

माझा डावा हात मोलेच्या गरम पातेल्याला टेकला होता. कधीचा, कोण जाणे. तिने ओढून काढला. तळव्याच्या कडेला लाल पट्टा उठला होता, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

ती हात नळाखाली धरून रडायला लागली. “हे बघ! याचीच भीती वाटते मला. भाजलं तरी कळत नाही तुला. आणि मी हजार कोस लांब बसून फोनची वाट बघायची? तमाल झाले, गंमत झाली. पण मी तुला इथे सोडून जाऊ शकत नाही.”

“सौदा झाला होता.”

“सौदा गेला चुलीत!”

“मग मलाही घाल चुलीत! नाहीतर ने तुझ्या मॉन्टेरेला आणि खिडकीत ठेव, कुंडीसारखी. रोज पाणी घाल. गोळ्या घाल. आणि लोकांना सांग, ही माझी आई, पूर्वी बोलायची.”

“तुला वाटतं मला हौस आहे?”

“मला वाटतं तुला भीती आहे, आणि तुझ्या भीतीपायी मी मरायच्या आधीच मेले पाहिजे!”

अंगणातली बोलणी थांबली. आम्ही दोघी परसदाराच्या चौकटीत, ती ओल्या हातांनी, मी भाजलेल्या, आणि आमचे आवाज कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत. किती वेळ चाललं असेल सांगता येत नाही. फिदेन्सिओ मध्येच आमच्या दोघींच्या मधून वाकून परसात गेला आणि थोड्या वेळाने तसाच वाकून परत आला. जाताना “परवानगी” म्हणाला, येताना “आभारी आहे” म्हणाला. आम्ही त्याच्या डोक्यावरून भांडत राहिलो.

शेवटी मेचेने झाकण उचललं. वेळ तर कधीच होऊन गेली होती. तिने एक तमाल काढला, पान उलगडलं. पीठ पानाला चिकटून ओलंगार लोंबलं.

“कच्चे,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता. तेवढं मी तिच्या बाजूने लिहीन. “भांडण लागलं त्यांना.”

अंगणभर लोक. हातात बशा. मी त्या लोंबणाऱ्या पिठाकडे पाहिलं आणि मला मॉन्टेरेची खिडकी दिसली, आणि त्या खिडकीतून दुसरी खिडकी.

“उपाय ठाऊक आहे तुम्हाला,” मेचे म्हणाली. “ज्या भांडल्या त्यांनी पातेल्यासमोर नाचायचं. पातेल्याला हसू आलं की शिजतात.”

“मेचेकाकू, वाफेला हसू येत नाही,” आम्पारो नाक पुसत म्हणाली. “वाफेचं तापमान...”

“तुझ्या आजीलाही नाचावं लागलं होतं,” मी म्हणाले. “तुझ्या बारशाच्या तमालना. झाकण लाव, मेचे.”

मी काठी भिंतीला टेकवली. आम्पारोने एकदा काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी दोन्ही हात पुढे केले, भाजलेलासुद्धा. तिने मनगटांना धरलं. फिदेन्सिओने रेडिओ लावला, आणि तो नेहमीप्रमाणे अख्ख्या गल्लीला ऐकू येईल एवढा लावला.

पहिलं पाऊल मी उजवं टाकलं. मग डावं ओढलं. ओढलंच. दुसऱ्यांदाही ओढलं. “वजन डावीकडे, आई,” आम्पारो कुजबुजली. “गप्प बस, तूच पाय तुडवते आहेस,” मी म्हणाले. ती हसली. रडतारडता हसली आणि तिचा ताल चुकला, म्हणून मला तिला सावरावं लागलं. तिला सावरायचं म्हणून मी बाजूला पाऊल टाकलं. पुन्हा टाकलं. मेचे खुर्चीवर बसल्या बसल्या झाकणावर चमच्याने ताल धरत होती. बाहेरच्या लोकांनी बशा वाजवायला सुरुवात केली. फिदेन्सिओ एकटाच ओट्याशी तळवा टेकून, खिशातली काड्यापेटी चाळवत, आमच्याकडे बघत उभा होता. सिगारेट सोडून त्याला किती वर्षं झाली, मग काड्यापेटी कशाला, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि गेलं.

गाणं संपलं तेव्हा दारात इत्सेल उभी होती, हातात फुलांचा गुच्छ आणि तोंड उघडं.

“दोन्या चोले! कोणता पाय आधी टाकत होतात?”

मी विचार केला आणि मला आठवेना.

“पायांकडे बघायला वेळ कुणाला होता?” मी म्हणाले.

आम्ही आणखी एक गाणं नाचलो, आणि त्यानंतर मेचे नाचली, कारण तिच्याही मनात कुठेतरी जुना राग असणारच. मग झाकण उघडलं. पान उलगडलं तर तमाल पानापासून अलगद सुटला. गल्लीने पातेलं रिकामं केलं. आम्पारोने तिसरा तमाल खाताखाता त्या अजस्र पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे माझ्या लिफ्टमध्ये मावणार नाही.”

“नाही मावणार,” मी म्हणाले.

“रोज संध्याकाळी फोन करीन. आणि मेचेकाकू दिवसातून दोनदा येऊन तुझा गाल आणि हात बघतील.”

“ही?”

“मीच,” मेचे म्हणाली. “आणि बोट घालून बघीन.”

स्वातंत्र्याची किंमत असते. मी ती मोजली.

सगळे गेल्यावर पानांचा कचरा टोपलीत भरून मी परसात टाकायला गेले. भिंतीशी गॅसची टाकी होती. तिच्या शेजारी दुसरी, आडवी, नळी काढलेली. मी पायाने ढकलली. रिकामी. पान्हा अजून वर तसाच पडला होता. फिदेन्सिओ तिथेच बादलीवर बसून बूट पुसत होता.

मी टाकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“कधी संपला गॅस?”

“तुम्ही भांडायला लागलात तेव्हाच. नाणं गप्प झालं. पाहिलं तर पाणी होतं, जाळ नव्हता.”

“आणि बदललास कधी?”

“‘परवानगी’ आणि ‘आभारी आहे’च्या मध्ये.”

“म्हणजे आम्ही नाचलो तेव्हा खाली जाळ होता?”

“चांगला मोठा.”

“मग मेचे नाचा म्हणाली, तेव्हा बोलला का नाहीस?”

त्याने बुटावर थुंकी लावली, फडक्याने घासलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला सगळं, अगदी सगळं ऐकू येत असलं पाहिजे.

“काय म्हणालीस?” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही ना.”

आतून आम्पारोची हाक आली. “आई! तू कुठे आहेस? तुझी काठी इथेच आहे!”

मी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही माझ्याखाली होते, परसाच्या मधोमध, टोपलीसकट.

खरं म्हणजे आत जाऊन सगळ्यांना सांगायला हवं होतं, की मेचेचं नाचणंबिचणं सब झूट, गॅस संपला होता. मेचेचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. शब्द जिभेवर तयार होते, सगळे, ओळीने, स्वच्छ. मी रिकामी टाकी पायाने भिंतीमागे ढकलली, डाव्याच पायाने, पान्हा फिदेन्सिओच्या खिशात टाकला, आणि जीभ परत मिळाल्यापासून पहिल्यांदाच तोंड मिटून घरात गेले.